पंपाला अर्थिंग होतं

आमच्या स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही. देव्हारा तिथल्याच कोपऱ्यात आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी हेच सांगितलं आणि मी ते पाळलं. त्यामुळे जुन्या फ्रिजला हात लावायचा तो अनवाणीच.

फ्रिज मोरीच्या भिंतीला लागून होता. त्याच्यामागच्या बोर्डाला भोकं तीन, पण वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची वायर आलेलीच नव्हती. घर बांधताना दोनच वायरी ओढल्या होत्या, तिसरं भोक नुसतं दिसायला. हे मला फार उशिरा कळलं. तोवर एवढंच माहीत होतं, की ओल्या हाताने दार धरलं की बोटांतून मुंग्या कोपरापर्यंत चढतात.

मी ह्यांना सांगितलं. त्यांनी टेस्टर आणून दाराच्या पत्र्याला लावला. टेस्टरचा दिवा बारीक पेटला. मला वाटलं, आता तरी पटेल. ते म्हणाले, "एवढं तर असतंच. ह्याने कोणी मरत नाही."

सासूबाई खाली बसून भाजी निवडत होत्या. चौथी शिकलेल्या बाईला आता करंटातलंही कळायला लागलं, असं त्या भाजीकडे बघतच म्हणाल्या. समोरासमोर बोलायला मला जमत नाही.

ह्यांना कधी करंट लागला नाही हे खरंच आहे. फ्रिज उघडायची वेळच त्यांच्यावर येत नसे. पाणी हवं असलं की हाक मारायचे.

मग मी लाकडी पाटावर उभी राहून दार उघडायला लागले. पाटावर मुंग्या येत नसत. सासूबाईंनी ते पाहिलं. "ज्याच्यावर माणसं जेवायला बसतात त्याच्यावर पाय?" मी पाट उचलून ठेवला आणि गोणपाटाची घडी टाकली. ती रोज ओली व्हायची आणि ओली झाली की तिचा काही उपयोग नसे.

पण मला खरं बोचतं ते वेगळंच. घरामागे आमची केळीची वाडी आहे. तिथल्या बावखलावर, म्हणजे छोट्या तळ्यावर, पंप बसवला तेव्हा ह्यांनी स्वतः उभं राहून खोल खड्डा खणून घेतला. त्यात पट्टी पुरली, कोळसा आणि खडे मीठ भरलं, जाड वायर पंपापर्यंत नेली. उन्हाळ्यात खड्डा सुकला की अर्थिंग धरत नाही, म्हणून त्यात पाणी ओतायचं काम माझ्याकडे आलं. ओतता ओतता एकदा मी विचारलं, हे कशासाठी?

"पंपाच्या अंगात करंट उतरला तर जमिनीत जावा. माणसात नको."

"मग फ्रिजला का नाही?"

ते हसले. "अगं, पंप पाण्यात असतो. फ्रिज काय पाण्यात आहे?"

मी पाण्यात होते. मोरीचं पाणी, भांड्यांचं पाणी, पावसाळ्यात लादीला सुटणारा ओलावा. मी बादली घेऊन घरात आले.

श्रावणात एका सकाळी फ्रिजमधून दूध काढताना असा झटका बसला की मी मागच्या मागे मोरीच्या कट्ट्यावर आपटले. पातेलं सांडलं. सासूबाई धावत आल्या आणि आधी फडका शोधू लागल्या, नैवेद्याचं दूध होतं म्हणून. ह्यांनी संध्याकाळी प्लग काढून परत घट्ट बसवला. उपाय म्हणून तेवढाच. माझा खांदा काळानिळा झाला होता. मनात आलं, एखाद्या दिवशी मी अशीच जाईन आणि लोक म्हणतील, बिचारीचा पाय घसरला.

पुढे तो फ्रिज बंद पडला आणि दोन दरवाजांचा नवा आला. लावायला आलेल्या माणसाने भिंतीवरचा बोर्ड तपासला आणि ह्यांना सांगितलं की इथे अर्थिंग नाही. उद्या फ्रिजच्या आतलं सर्किट जळलं तर कंपनी बदलून देणार नाही. एवढंच म्हणाला. ह्यांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वायरमन आला. फ्रिजला वेगळी लाइन टाकली. बोर्ड मोरीपासून लांब घेतला, हिरवी वायर तिसऱ्या भोकापर्यंत आणली, अंगणात नवा खड्डा केला. मीटरजवळ एक स्विच बसवला, करंट कुठे गळला तर तो आपोआप पडतो. दिवाबत्तीच्या आत सगळं झालं. भिंत फोडल्याचा धुरळा मी पुसत होते. मग मुद्दाम ओला हात दाराला लावला. काही झालं नाही. मला बरं वाटायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं.

रविवारी नणंद आणि तिचे यजमान आले. ह्यांनी त्यांना मीटरजवळ नेलं, नवीन स्विचचं बटण दाबून घरातले पंखे बंद करून दाखवले. म्हणाले, "घरात बायकांचे ओले हात सारखे लागतात. सेफ्टी बघायला नको?" पाहुण्यांनी कौतुकाने मान हलवली.

नणंद स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "वहिनी, दादा किती जपतो गं तुला."

नाही म्हटलं असतं तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं असतं, आणि सासूबाई तिथेच पोहे परतत होत्या. मी हो म्हटलं.