बॉयलरमध्ये काय जळतं?

सुरतेजवळच्या सचिन गावच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या मागच्या अंगाला मी कॅमेरा गळ्यात अडकवून उभी होते. मला गॅसवर चालणाऱ्या बॉयलरचा फोटो हवा होता. समोर होता तपकिरी, ओलसर ढेकळांचा माझ्या डोक्यापेक्षा उंच ढीग. एक माणूस फावड्यानं ती ढेकळं बॉयलरच्या तोंडात टाकत होता.

"गॅसवाला बॉयलर किधर है?" मी विचारलं.

त्यानं फावडं टेकवलं. "यही एक बॉयलर है, बेन."

आमच्या रिपोर्टमध्ये या मिलसमोर मी स्वतःच्या हातानं 'गॅस' असं लिहिलं होतं. आणि तो रिपोर्ट आठवड्यापूर्वीच महापालिकेत पोचला होता.

मी तेव्हा सुरतेतल्या एका एनर्जी ऑडिटच्या ऑफिसात ज्युनियर इंजिनियर होते. कारखान्यात वीज आणि इंधन कुठे वाया जातं ते शोधून सांगणं, हा आमचा धंदा. नव्वदच्या दशकाची अखेर होती. एका परदेशी संस्थेच्या कार्यक्रमात जगभरच्या शहरांना दोन प्रश्न विचारले होते. तुमच्या शहरातून हवा तापवणारे वायू किती बाहेर पडतात? आणि ते कमी करायला तुम्ही काय करताय? सुरतेची माहिती गोळा करायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं आणि आमच्या देसाईसरांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं.

हे वायू मोजायला कुणी प्रत्येक चिमणीवर मीटर लावत नाही. शहरात कोळसा, डिझेल, गॅस, वीज किती वापरली ते शोधायचं. मग प्रत्येक इंधनाला त्याच्या ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. त्या आकड्याला एमिशन फॅक्टर म्हणतात. तेवढीच उष्णता मिळवायला कोळशापेक्षा गॅस जाळला तर कार्बन डायऑक्साइड बराच कमी निघतो. त्यामुळे 'तुम्ही काय करताय' या दुसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे एक झकास उत्तर होतं. सुरतेतल्या मिल गॅसवर जाताहेत!

मी यादी घेऊन एकेका मिलला फोन केला होता. "तुमच्याकडे गॅस कनेक्शन आहे का?" उत्तर यायचं, "हा बेन, छे." आहे म्हणाले की अख्खी मिल मी गॅसच्या रकान्यात टाकायची. बेरीज केली तर शहराचं उत्सर्जन चांगलंच घटलेलं दिसलं. महापालिकेतले अधिकारी खूश झाले. दिल्लीत एक बैठक होती, तिथे ते हे मांडणार होते. स्लाइडसाठी त्यांना एक फोटो हवा होता, म्हणून मी सचिनला आले होते.

एवढ्यात बॉयलर अटेंडंट आले, पंडितनाना. बॉयलर चालवण्याचं सर्टिफिकेट असलेला तो जबाबदार माणूस. पन्नाशीचे, कानात तपकिरी धूळ, खिशाला पेन. मी नाव सांगितलं. पाटील ऐकून त्यांनी मला एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "कोन गावनी शे वं, माय?"

ऑफिसात मी हिंदी बोलायची, नाहीतर पुस्तकी मराठी. अहिराणी फक्त घरात. वडील सुरतेतल्याच उधन्याला पॉवरलूमवर कामाला होते, ते मी ऑफिसात कुणाला आपणहून सांगत नसे. पण त्या घाबरलेल्या अवस्थेत तोंडातून आपसूक निघालं, "अमळनेरकडनी शे, नाना."

पंडितनानांचा चेहरा खुलला. ते शिरपूरकडचे. त्यांनी ढिगातलं एक ढेकूळ उचलून माझ्या तळहातावर ठेवलं.

"हातमा ली दख. हाऊ कोळसा नही शे. लिग्नाइट. निम्मं त पानीच शे यामा."

हाताला ओल लागली. लिग्नाइट म्हणजे कच्चा, मातकट कोळसा. तो भरूचकडच्या खाणीतून येई आणि स्वस्त पडे. आधी त्यातलं पाणी उडवण्यात उष्णता जाते, मग वाफ तयार होते.

"पण नाना, तुमच्याकडे गॅस कनेक्शन आहे असं ऑफिसमधून सांगितलं."

"शे ना. पन तो स्टेंटरले शे. बॉयलरले नही."

ते मला आत घेऊन गेले. स्टेंटर म्हणजे कापड ताणून गरम हवेत सुकवायचं लांबलचक मशीन. त्याला खरोखरच गॅसची पाइप होती. पण मिलचं निम्म्याहून जास्त इंधन रंगाई-धुलाईच्या वाफेला लागायचं, आणि ती वाफ लिग्नाइटवरच बनत होती. मिलवाल्यांनी मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं, गॅस आहे का? गॅस होता.

परत येताना नानांनी मला भिंतीपाशी थांबवलं. एका पाइपमधून वाफाळतं पाणी गटारात पडत होतं.

"हाई दख. मी तीन सालपाइन सांगी ऱ्हायनू. कोन आयकस?"

रंगाच्या मशीनमध्ये वाफ पाइपांतून फिरते, आपली उष्णता देते आणि तिचं पुन्हा पाणी होतं. त्याला कंडेन्सेट म्हणतात. ते स्वच्छ असतं आणि चांगलंच गरम असतं. ते बॉयलरला परत द्यायचं सोडून गटारात सोडणं, म्हणजे आंघोळीचं तापलेलं पाणी मोरीत ओतून गार पाण्याची बादली पुन्हा चुलीवर ठेवण्यासारखं.

मी फोटो न काढताच परतले. लूनावर सगळा रस्ता एकच विचार. नोकरीला आठ महिने झाले होते, अजून कायम केलेलं नव्हतं. आणि ही चूक दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालण्यासारखीसुद्धा नव्हती.

देसाईसरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"पाटीलबेन, एक मिल की बात है या सब की?"

"माहीत नाही, सर."

"तो पहले मालूम करो. चार दिन में. फिर डरेंगे."

चार दिवसांत इतक्या मिल कशा बघायच्या? गेटवरच वॉचमन अडवायचे. मी परत सचिनला गेले आणि नानांना अडचण सांगितली. ते हसले. सुरतेतल्या बॉयलरांवर आमच्या खान्देशातली कितीतरी माणसं होती आणि नाना त्यांतल्या बऱ्याच जणांना ओळखत होते.

"पांडेसराले जाशी त सुखदेवले इचार. मना नाव सांग."

पांडेसरा म्हणजे सुरतेतली आणखी एक इंडस्ट्रियल इस्टेट. ते एकेक नाव सांगत गेले, मी लिहीत गेले. पुढचे चार दिवस मी गेटवर मॅनेजरची चौकशी केलीच नाही. "बॉयलरवरच्या सुखदेवभाऊंना भेटायचंय, शिरपूरच्या पंडितनानांनी पाठवलंय," एवढंच सांगायची. कुणी मला हाकललं नाही. उलट प्रत्येक ठिकाणी बसायला काहीतरी पुढे आलं, बशीतून चहा आला आणि जळणाची खरी माहिती मिळाली. दोन ठिकाणी बॉयलर खरंच गॅसवर होते. बाकी बहुतेक जागी नानांच्या मिलसारखीच गोष्ट. लिग्नाइट, दगडी कोळसा, एका ठिकाणी तर दोन्ही मिसळून.

मी नव्यानं गणित मांडलं. शहरानं केलेली घट जवळजवळ पुसली गेली.

आम्ही दोघं महापालिकेत गेलो. दिल्लीला जाणाऱ्या साहेबांच्या टेबलावर बैठकीच्या स्लाइड तयार होत्या. मी बोलायला तोंड उघडलं, पण सर आधी बोलले.

"साहेब, मिलवालों का जवाब सही था. हमारे ऑफिस का सवाल गलत था. यह नया आंकड़ा है."

'आमच्या ऑफिसचा' म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी खाली बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते.

साहेबांनी नवा कागद दोनदा वाचला. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर अख्ख्या देशानं नावं ठेवलेलं हे शहर त्यांच्या लोकांनी झाडून उभं केलं होतं. चांगली बातमी सांगायची त्यांना हौस असणारच. मग त्यांनी गॅसची स्लाइड उचलली आणि बाजूला ठेवली.

"आणि पुढच्या वर्षी खरोखर काही कमी करून दाखवता येईल?" त्यांनी मलाच विचारलं.

मी त्यांना गटारात जाणाऱ्या गरम पाण्याबद्दल सांगितलं.

दिल्लीत नवा आकडा मांडला गेला. तिथे कुणी हसलं नाही, असं साहेबांनी आल्यावर फोन करून मुद्दाम कळवलं. सचिनच्या मिलच्या शेठना आम्ही ऑडिट करून दाखवलं. दिवाळीच्या सुट्टीत मिल बंद असताना त्यांनी कंडेन्सेट परत नेणारी पाइप आणि टाकी बसवली. पाइप कुठून न्यायची ते नानांनी खडूनं भिंतीवर आखून दिलं. लिग्नाइटच्या गाड्या कमी झाल्या. मग पांडेसऱ्यातल्या दोन मिलनी तेच केलं. त्या परदेशी कार्यक्रमाच्या पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये 'काय करताय' याच्याखाली आम्ही ही छोटीशी ओळ लिहिली. पहिल्या रिपोर्टच्या मानानं अगदीच छोटी. पण ती मी डोळ्यांनी पाहिलेली होती.

त्या फॉर्मला शेवटी एक रकाना होता, माहितीचा स्रोत. लोक तिथे 'सर्व्हे' लिहून मोकळे होत. मी सगळ्या बॉयलर अटेंडंटांची नावं लिहिली, पंडितनानांचं सगळ्यात वर. देसाईसरांनी पान वाचलं आणि परत केलं. मला वाटलं, खोडायला सांगणार.

"इंग्लिश फॉर्म है," ते म्हणाले. "हर नाम के आगे मिस्टर लगाओ."

पान पुन्हा टाइप केलं. पुढच्या महिन्यात मला कायम केल्याचं पत्र मिळालं.

मी पुढे वीस-बावीस वर्षं हेच काम केलं. नव्यानं आलेल्या मुलामुलींना पहिल्या दिवशी एवढंच सांगायची, की चुकीच्या प्रश्नाला लोक अगदी खरं उत्तर देतात, आणि ते तपासायला फोन पुरत नाही, जावं लागतं.