दारामागचं घर

चहाच्या पेल्यावर फुंकर घालून ते पहिला प्रश्न विचारायचे, "आज काय छापलं नाही?"

तब्येत, हवा, सुट्टी अशी चौकशी त्यांनी कधी केली नाही. मी बहारीनमधल्या एका वर्तमानपत्रात छायाचित्रं निवडत असे. ते जर्मन चित्रकार, सत्तरीला टेकलेले, मुहर्रकमध्ये आमच्याच गल्लीत राहणारे. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात आमची गाठ पडे.

युद्धाआधी ते कॅनव्हासवर फक्त दारं रंगवत. मुहर्रकच्या जुन्या घरांची, कोरीव, पितळी कड्यांची. सीफमधली हॉटेलं आणि जनाबियातले व्हिलावाले ती हौसेने घेत. "पडद्याला मॅचिंग मागतात," म्हणत ते खिशातून पडद्याचा तुकडाच काढून दाखवत.

मग जवळच्या मुलखात युद्ध पेटलं. पडलेल्या वस्त्यांचे फोटो माझ्याकडे येत. बरेचसे पाहवत नाहीत म्हणून छापले जात नसत. ते बाहेर दाखवायची परवानगी नव्हती.

"मग सांगा," ते म्हणाले.

मी सांगू लागलो. ते खोदून विचारत.

"चप्पल कुठल्या पायातली?"

"डाव्या."

"दार उभं होतं?"

"चौकटीसकट."

"आणि भिंत?"

"मफी," मी इथल्या अरबीत म्हणालो. नव्हती.

दुकानवाले तात्या मालवणचे. ते वैतागत, "हेंका दुसरा काय सुचत नाय? चाय निवली!"

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "आजोबा फार प्रेमळ होते. दुसऱ्या महायुद्धात गावात काय चाललं होतं, असं मी विचारायचो. ते म्हणायचे, आम्हाला काही दिसलं नाही. माणसांना कोंबून नेणाऱ्या गाड्या जिथून सुटत, ते स्टेशन त्यांच्या खिडकीतून दिसायचं. मला ते वाक्य म्हणायचं नाही."

त्यानंतरची त्यांची दारं एकटीच उभी असत. मागे घर नाही, नुसतं आभाळ. हॉटेलांनी घेणं थांबवलं. एक दार त्यांनी आम्हाला भेट दिलं. बायको म्हणाली, "दार आहे नि घर नाही? असलं घरात लावतात का?" मी ते परत नेऊन दिलं. त्यांनी ते काखेत मारलं.

काही महिन्यांनी मला सांगणं जड जाऊ लागलं. फोटो पाहणं नोकरीचा भाग होता; संध्याकाळी ते पुन्हा उभे करणं नव्हता. एकदा मी म्हणालो, "आज काही नाही."

"खरंच?"

"खरंच."

त्या दिवशी त्यांनी चहा गरम असताना संपवला. पुढे मी हे आठवड्यातून दोनदा म्हणू लागलो, मग रोज.

उन्हाळ्यात ते उपचारासाठी मायदेशी गेले आणि तिथेच वारले. जाताना माझ्यासाठी तात्यांकडे एक गठ्ठा ठेवला होता. "खुशीत होते," तात्या म्हणाले. "लढाई थांबत इली म्हणा होते."

गठ्ठ्यात नऊ छोटी चित्रं होती. प्रत्येकात दार, आणि दारामागे घर. धड भिंती, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, खिडकीत दिवा. प्रत्येकाच्या पाठीवर तारीख, मी "आज काही नाही" म्हटलेल्या एकेका दिवसाची. ऑफिसात मी त्या तारखांचे न छापलेले फोटो काढून पाहिले. एकही दिवस रिकामा नव्हता.

बायकोने ती चित्रं हॉलमध्ये ओळीने लावली आहेत. पाहुणे विचारतात, इतकं प्रसन्न कोणी रंगवलं? मी नाव सांगतो. तारखा भिंतीच्या बाजूला आहेत.