एरडु म्हणजे दोन

आमच्या घरचं पहिलं किराणा दुकान खासबागेत, दुसरं हिंडलग्याला. तिसरं निपाणीला निघालं, तेव्हा नवऱ्यासंगं मी जायचं की मागं राहायचं, यावर घरात रामायण घडलं. हसू नका, खरंच सांगते.

माझ्या सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांचा एक हट्ट होता. दोन्ही दुकानांत डबे एकाच क्रमानं मांडायचे, डावीकडं मीठ, मग गूळ, मग तेलं. म्हणजे घरातलं कुणीही कुठल्याही दुकानात बसू शकतं. दुपारी पुरुष माल आणायला गेले की बायका बसायच्या. मी साताऱ्याची, लग्नाला सहा महिने झालेले, कानडीचा गंध न्हाय. तरी बसले. हौस लई!

एक कानडी आज्जी आल्या. "एरडु शेर एण्णी कोडरी," म्हणाल्या आणि दोन बोटं दाखवली. एण्णी म्हणजे तेल, एवढं मला ठाऊक होतं. एरडु म्हणजे? एरंडाचंच असणार की! मी मोठ्या झोकात दोन शेर एरंडेल मोजून दिलं.

त्याच दिवशी आज्जींच्या नातीला बघायला पाहुणे यायचे होते. आज्जींना पडसं झालेलं, वास कळला न्हाय, त्यांनी त्यात पुऱ्या तळल्या. पाहुणे बिचारे भिडेनं खात राहिले आणि संध्याकाळी एकेक जण तांब्या घेऊन पळाला.

आप्पा कडाडले, "एरडु म्हणजे दोन गं, दोन! निपाणीच्या बाजारात चिकोडीकडच्या कानडी बायका येतात. तिथं ही काय दिवे लावणार? पोरगा एकटाच जाईल." दोन्ही दुकानांतलं एरंडेल त्याच दिवशी मागच्या फळीवर गेलं. आजही आमच्याकडं ते मागंच असतं.

मी रडून रडून डोळे सुजवले. नवा संसार, आणि नवरा एवढ्या लांब! शेवटी सासूबाई मला शेंगतेल घेऊन आज्जींकडं घेऊन गेल्या. मी पाया पडले, पढवलेलं म्हटलं, "नंद तप्पु." चूक माझी. आज्जींनी आधी कानडीत यथेच्छ झोडपलं, मग पदर तोंडाला लावून हसतच सुटल्या. पोरगी पाहुण्यांना पसंत पडली होती! त्या दिवसापासून रोज चिंचोके पुढं ओतून त्यांनी मला मोजायला शिकवलं, ओंदु म्हणजे एक, एरडु म्हणजे दोन. असली मायाळू बाई मी पुन्हा पाहिली न्हाय.

निघायच्या सकाळी आमचे हे सर्व्हिस मोटारीत जाऊन बसले. मी खाली उभी. आप्पा माझ्यापुढं आले, तोंड गंभीर. दोन बोटं वर केली.

"हे किती?"

"एरडु."

"मग मोटारीत ओंदुच का बसलाय? चढ की गं वर!"

बघते तर सासूबाईंनी माझी ट्रंक कधीच टपावर चढवलेली.