आयलीच्या भिंतीवरची वाफ

आयली राउटिओ सरोवराच्या पलीकडच्या काठावर राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, उंची जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि तोंड मात्र फटकळ. सगळा जन्म उत्तर मिनेसोटात गेलेला. नवरा वारल्यावर भाचा म्हणाला, गावात चल. तर म्हणे, "गावात मासे कुठे धरू, चर्चच्या पायरीवर?" आणि त्या दोन खोल्यांच्या लाकडी केबिनमध्येच ठाण मांडून राहिली.

आमच्याकडे सकाळी उठलं की आधी समोरच्या काठाकडे बघायचं. धूर दिसला की माणूस ठीक आहे, मग आपली कॉफी. गुडघे गेल्यावर आयलीने लाकडं फोडणं सोडलं, खोलीला विजेचा हीटर घेतला. पाण्यासाठी भाच्याने कुठून तरी जुना, बिनटाकीचा गॅस गीझर आणून भिंतीवर टांगला. नळ सोडला की पेटायचा, बंद केला की विझायचा. त्याचं धुराडं भिंतीतून बाहेर काढलेलं. तेव्हापासून मी धुराऐवजी तिथली पांढरी वाफ बघू लागलो.

कडक थंडीत नळ बारीक सोडून ठेवायचा, म्हणजे पाइप गोठत नाही, ही आमची बापजाद्यांपासूनची सवय. पण दोऱ्याएवढ्या धारेने हा गीझर पेटायचाच नाही. पहिल्याच हिवाळ्यात पाइप फुटला. मग आयलीने गरम पाण्याची धार पेन्सिलीएवढी केली आणि रात्रंदिवस तशीच सोडून ठेवली.

जानेवारीत पारा उणे अडतीसवर गेला. मी तिला मासे द्यायला गेलो, तर धुराड्याच्या तोंडाशी हा एवढा बर्फ. कुऱ्हाडीच्या दांड्याने फोडून आत गेलो.

"आयली, वाफ तोंडाशीच गोठतेय. तोंड बुजलं तर विषारी गॅस घरात शिरेल. नळ बंद कर, पाइप मी गुंडाळून देतो."

"आणि फुटला तर उणे चाळीसात माझं बूड धुवायला तू येणारेस का, ऑर्विल?"

"तो गॅसचा अलार्म कुठाय?"

"मासे तळले की बोंबलतो मेला. त्याचे सेल रेडिओत घातलेत."

मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं.

तीन दिवसांनी सकाळी वाफ दिसली नाही. मला वाटलं, म्हातारीने ऐकलं एकदाचं, नळ बंद केला. खरं सांगतो, मी खूश झालो. दोन कप कॉफी प्यायलो, पॅनकेक केले, गाडीची बॅटरी आत आणून ठेवली. अकराला सहज बघितलं, तर तिच्या खिडकीचा पडदा अजून ओढलेला. आयली सहानंतर कधी झोपत नसे.

गोठलेल्या सरोवरावरून स्नोमोबाइल सुसाट सोडली. धुराड्याचं तोंड दिसतच नव्हतं, नुसता बर्फ. आत पाणी वाहत असल्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. दार लोटलं. भिंतींवरून पाणी ओघळत होतं, गीझरची ज्योत पिवळीधमक, आणि आयली मोरीपाशी पडलेली, गाल लालबुंद. नळ बंद केला आणि बखोटीला धरून तिला बर्फात ओढत आणलं.

"आयली! ऊठ ना गं! शिव्या दे हवं तर!"

बऱ्याच वेळाने ती कण्हली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "धुराडं कधीपासून बुजलेलं होतं?" मी म्हणालो, ठाऊक नाही. मला चांगलं ठाऊक होतं. निदान उजाडल्यापासून.

आता ती डुलुथला वृद्धाश्रमात असते. महिन्यातून दोनदा जातो. जेवते, खिडकीत बसते. तो फटकळपणा गेला, त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

परवा तिने विचारलं, "आपण कोण?"

"ऑर्विल. सरोवराच्या समोरच्या काठावरचा. तुझा शेजारी."

ती गोड हसली. "अरे वा. मग तुम्ही माझ्याकडे लक्ष ठेवत असाल."

"हो," मी म्हणालो.