शेडपर्यंतची वायर

वडिलांनी घरापासून ट्रॅक्टरच्या शेडपर्यंत ओढलेली वायर जुनी झाली होती. तिथल्या कडबाकुट्टीच्या मशीनला हात लावला की आईला करंट बसायचा. "थोडंच झिणझिणतं," म्हणायची. मला मात्र घोर लागलेला.

घरातला पहिला पदवीधर मी, नव्या वायरीसाठी चरही मीच खांदला. सगळा मुरूमच. पाइपातून नवी केबल नेली, शेडजवळ अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ टाकलं.

"एवढ्या मिठात कुणाची भाजी करायलास?" आईनं विचारलं.

वडील बाजेवरून म्हणाले, "कॉलेज शिकून खड्डाच खांदला की."

"तुमच्या वायरीपायी खांदला," मी म्हणालो.

मशीन चालू करून टेस्टर लावला, मग आधी मीच हात लावला. काही झालं नाही. आई कुट्टी करू लागली. मी मातीच्या ढिगावर बसून राहिलो. जेवायला उठायचंही त्राण नव्हतं.