उत्तरेची शेवरी

ध्रुवावरचे वारे हा धडा मी खळ्यावरच्या बैलांनी शिकवायचे. मधे मेढीचा खांब, मेढीला दावं, दाव्याला बैल. मेढ म्हणजे ध्रुव आणि बैल म्हणजे त्याच्याभोवती गरगर फिरणारे वारे. ते फिरत राहतात म्हणून तिथली गोठलेली हवा तिथेच राहते. धुळ्यातल्या मुलांनी मेढ कधी पाहिलेली नसायची, त्यामुळे आधी मेढ शिकवावी लागे आणि मग ध्रुव. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, तठला वारा आठे येस का?" वर्ग हसला. मी म्हणाले, "येत नाही. मधे हिमालय आहे." आणि ते वाक्य सगळ्यांना वहीत लाल रेघेनं अधोरेखित करायला लावलं. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी लावलं.

माझा धाकटा भाऊ सावद्याजवळ केळी करतो. घरात शिकलेली मी एकटी, म्हणून तो सगळं मला विचारायचा. बोअर कुठे घेऊ, रोपं कुठली आणू, पोरीला कुठल्या कॉलेजात घालू. यातल्या निम्म्या गोष्टींतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्तर मात्र मी ताबडतोब द्यायचे. बाईंना 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते. खरं सांगायचं तर त्याचं ते विचारणं मला फार आवडायचं.

आमच्या खानदेशात बाई कितीही म्हातारी झाली तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाते. मीही जाते. गेल्याच्या आधीच्या आखाजीला भाऊ मला बागेत घेऊन गेला. उत्तरेच्या बांधावर शेवरीच्या झाडांची दाट ओळ होती, आमच्या वडिलांनी, आबांनी लावलेली. वैशाखाचा तापलेला वारा केळीची पानं फाडतो, म्हणून पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरी सगळेच लावतात. उत्तरेला सातपुडा आहे, तिकडे कोण लावतो? आबांनी लावली होती. आबा सातपुड्याला टेकू देतात, असं लोक गमतीनं म्हणायचे. आबा हसून शेवरी छाटत राहायचे.

"अक्का, ही शेवरी काढून टाकू का? दोन ओयी केयीच्या बसतीन. तुले काय वाटते?"

केळीच्या दोन ओळी जास्त बसतील, एवढाच त्याचा विचार होता. मी एक क्षणही घेतला नाही. "काढ. पलीकडे हिमालय, अलीकडे सातपुडा. तिकडचा वारा इथे कशाला येतोय?"

आठवड्याच्या आत त्यानं शेवरी काढली.

थंडी खानदेशाला नवी नाही. पण ती यायची, दोन-चार दिवस हुडहुडी भरवायची आणि जायची. त्या हिवाळ्यात ती ठाण मांडून बसली. जानेवारीत भावाचा फोन आला, "अक्का, एक चक्कर मारतं का?" मी सकाळच्या गाडीनं गेले.

वारा जोराचा नव्हता. सातपुड्यावरून सरळ खाली उतरत होता आणि थांबत नव्हता, इतकंच. उत्तरेच्या दोन नव्या ओळींत केळीची पानं पिवळी पडली होती, आणि घड झाडाच्या गळ्यात अडकले होते, अर्धे बाहेर, अर्धे आत. आतल्या ओळींत ते प्रमाण कमी होत गेलेलं. वाईट दिवस सगळ्यांचेच होते, पण भावाच्या बागेत शेवरी कुठे होती ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. वर्गात हजेरी घ्यावी तशी मी एकेक झाड बघत पुढे गेले. हातापायांसारखंच आतलंही काहीतरी बधिर झालं होतं.

बांधावर शेजारचे नाना उभे होते. त्यांनी भावाला विचारलं, "शेवरी कोनी काढाले सांगतली होती रे?"

"मीच काढली," भाऊ म्हणाला.

मी दोन हातांवर उभी होते. पुढचं झाड बघायला वळले.

धुळ्याला परतल्यावर वाचायला बसले. वरातीमागून घोडं. ध्रुव आपल्यापेक्षा वेगानं तापतो आहे, त्यामुळे तिथल्या आणि इकडच्या हवेतला फरक कमी होतो आहे. हा फरक म्हणजेच माझ्या बैलांचं दावं. ते सैल झालं की वारे नीट गोल फिरत नाहीत, वेडेवाकडे खाली झुकतात, आणि कधी कधी थंडी एकाच जागी मुक्काम ठोकते. आमच्या बागेतली थंडी नेमकी त्यामुळेच आली, असं कुणी छातीठोक सांगत नाही. शास्त्रज्ञांचंही अजून एकमत नाही. पण ते निदान 'माहीत नाही' असं म्हणतात. हिमालय बराचसा वारा अडवतो, तेही खरं. माझ्या लाल रेघेत 'बराचसा' हा शब्द नव्हता.

गेल्या आखाजीला मी सगळं सांगायची तयारी करून गेले. शेवटी म्हणायचं वाक्यही घोकलं होतं, की काढायला मीच सांगितलं होतं, नानांनाही तसं सांग. बागेत गेले तर उत्तरेच्या बांधावर गुडघ्याएवढी शेवरी उभी होती.

"कुणाला विचारून लावलीस?"

"कोनाले विचारू? आबानं लावली होती नं."

मी त्याला ध्रुव सांगितला, बैल सांगितले, दावं सांगितलं. तो ठिबकची नळी सरळ करत ऐकत होता. "म्हंजे दावं ढिलं झालं," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत कुणा विद्यार्थ्याला इतक्या लवकर कळलं नव्हतं. घोकलेलं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

घरी जेवताना कळलं, नवी रोपं सांगून झाली होती. बोअरची जागा ठरली होती. पोरीचा प्रवेशही झाला होता. सगळं नीट केलं होतं त्यानं, मी घातले असते तसे घोळ कुठेच नव्हते. आमरसाची वाटी माझ्यापुढे सरकवून तो म्हणाला, "अक्का, अजून एक सांजोरी वाढू का?"

त्या आखाजीला त्यानं मला विचारलेली ही एकच गोष्ट.

"वाढ," मी म्हणाले.