झडतीवाल्यांचे फोटो

पुसदच्या टायपिंग सेंटरमध्ये माझ्या पुढे नंबर होता एका म्हाताऱ्याचा. नाव विचारायचं राहूनच गेलं. पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे बैलांपुढची खणखणीत गाणी, म्हणणाऱ्या गावोगावच्या बुढ्यांचे फोटो आणि त्यांच्या झडत्या फाइलीत भरून तो पुस्तक करत होता. फाइल एवढी जड, की एक पान सरकेपर्यंत पेरलेल्या तुरीला शेंगा लागाव्यात! त्याला मात्र घाई नव्हती. पडद्यावर चेहरा उमटेपर्यंत तो हात जोडून बसायचा आणि उमटला की म्हणायचा, "रामराम गा बुढ्या!"

सेंटरवाली बाई वैतागली. "काका, फोटो हलके करून टाकू?"

"कर नं माय."

तिनं एका दमात सगळे फोटो हलके केले, फाइल सेव्ह केली. मग फाइल अशी पळाली, की सशानं लाजून रान सोडावं. म्हाताऱ्याचे रामराम मागेच पडले.

पहिलं पान छापून आलं. पानभर मोठ्या केलेल्या चेहऱ्याच्या जागी नुसते रंगांचे फुटके चौकोन.

बाई घाबरली. "मोबाइलमध्ये मूळ फोटो असतीन नं, काका?"

"कायले ठेवू? फाइलीत टाकला का तिकडचा मिटवतो. एक मानूस दोन घरी कसा राहीन?"

"मग परत काढून आना."

"कोनाचा काढू? गेले ते समदे."

म्हातारा त्या चौकोनांवरून बोट फिरवत हळूच म्हणाला, "त्याईले परत जड कर नं, माय."